चार बोटं खाली

पाचव्या पिशवीवरची तारीख वाचली आणि तिचा हात पिशवीवर तसाच राहिला. सकाळचे सव्वानऊ झाले होते, यंत्राच्या टाकीत पाणी चढत होतं आणि सर दाराशी उभे राहून सांगत होते की घाई नाही, पण आठवड्याच्या आत सहाही झाले तर बरं. ती हो म्हणाली. धातूंची तपासणी करणाऱ्या या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं नमुने कापत होती, आणि बावीस वर्षांत सरांना ती नाही म्हणाली असेल तर दोनदा. सहा पिशव्या, सहा मोडलेले खुब्याचे धातूचे कृत्रिम सांधे, माणसांच्या अंगातून काढलेले, धुऊन-उकळून रुग्णालयांनी पाठवलेले. नावं नाहीत. नुसता क्रमांक, बाई की पुरुष, वय, डावा की उजवा, कधी बसवला, कधी काढला. पाचवा : स्त्री, एकाहत्तर, डावा. काढल्याची तारीख एकोणीस. तो मंगळवार होता हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. ते तिला माहीत होतं.

सर गेल्यावर तिने पिशवी उचलली नाही. टेबलाच्या कडेला सरकवली आणि पहिली पुढ्यात घेतली. असं कसं होईल, असं ती मनाशी म्हणाली खरी, पण म्हणतानाच तिला ते कागद आठवले. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या त्या बाकावर बसून तिने सह्या केल्या होत्या, एकामागून एक, नर्स बोट ठेवील तिथे. इथे, इथे, आणि इथे. काढलेला भाग अभ्यासासाठी देण्यास हरकत नाही, असं त्यातल्या एकावर होतं. तेव्हा हरकत कशालाच नव्हती. आईला आत नेलं होतं, तिची चष्म्याची डबी हिच्या मांडीवर होती, आणि कोणी म्हणालं असतं की या खिडकीवरही सही करा, तर तिने केली असती. दोन वर्षं तो तुकडा कुठल्यातरी कपाटात पडून राहिला आणि आता फिरत फिरत तिच्याच टेबलावर आला होता. शहरात धातूचे नमुने ठिणगीने कापणारं यंत्र होतं तरी कुठे दुसरं. आलं असतं तर इथेच येणार.

त्या दिवशी तिने पहिला कापला आणि दुसरा अर्धा. काम नेहमीचं होतं. तुकडा चिमट्यात पक्का बसवायचा, पाण्यात बुडवायचा, आणि केसापेक्षा थोडी जाड पितळी तार वरच्या चाकावरून खालच्या चाकाकडे धावत सोडायची. तार धातूला लागत नाही. लागू द्यायचीच नाही. दोघांच्या मध्ये बोटाच्या सालीएवढीही फट नसते, आणि त्या फटीतून ठिणग्या उडतात, सेकंदाला हजारोंनी, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक न दिसणारा कण वितळवून पाण्यात टाकते. करवतीने कापलं तर धातू ओढला जातो, तापतो, आणि आत जे लिहिलेलं असतं ते पुसलं जातं. ठिणगीने पुसलं जात नाही. कापलेल्या तोंडावर एक पातळ भाजलेली साय तेवढी राहते, ती सर नंतर घासून काढतात. नवीन कोणी शिकायला आलं की ती सांगायची, हे मशीन जोर लावत नाही, नुसतं सतावतं. ऐकणारे हसायचे. आईही हसली होती. म्हणाली होती, मग ते मशीन नव्हे, ती सून आहे.

आई कपडे शिवायची. चाळीस वर्षं टेप गळ्यात, टाचण्या ओठांत. पण टेप होती ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिचं खरं माप बोटांचं होतं. दोन बोटं आत घे, चार बोटं दुमड, अर्धं बोट सोड. मुलीच्या हातात मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं मोजपट्टीयंत्र आलं तेव्हा आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढं बारीक मोजून घालणार कोणाला?" तिला त्या वेळी राग आला होता. पुढे तो किस्सा ती स्वतःच प्रयोगशाळेत सांगायची. आता मात्र दुसऱ्या नमुन्याची तार मध्येच तुटली, यंत्र थांबलं, आणि तार पुन्हा ओवायला तिला चार खेपा लागल्या. बावीस वर्षं ती पहिल्याच खेपेला तार ओवत आली होती. सुई ओवण्यासारखंच तर काम. ते आईचंच होतं, तिच्याकडे आलेलं.

घरी तिने कोणाला सांगितलं नाही, कारण घरी कोणी नव्हतं. दोन खोल्या आणि एक गॅलरी. आईच्या खाटेवर आता इस्त्रीचे कपडे पडलेले असत. जेवून ती खुर्चीत बसली आणि तिला आईची हाक ऐकू आली, म्हणजे ऐकू आली नाही, पण जिथे ती यायची ती जागा रिकामी असल्याचं जाणवलं. सांधा बसवल्यावर पाच वर्षं आई तुरुतुरु चालत होती. जिना चढायची, बाजारात जायची, शेजारणींना सांगायची की माझ्या मांडीत मुलीच्या सहा महिन्यांच्या पगाराचं लोखंड आहे, मला धक्का मारू नका. मग सहाव्या वर्षी एकदा भांडी घासताघासता थांबून म्हणाली, "अगं, इथे दुखतंय." "कुठे?" "इथे. हाडापासून चार बोटं खाली, बाहेरच्या अंगाला. बसलं की नाही. वजन टाकलं की." ती तेव्हा कामावर निघाली होती, एक चप्पल पायात, एक हातात. ती म्हणाली, "थंडीने असेल."

थंडी गेली. दुखणं राहिलं. तिने आईला डॉक्टरकडे नेलं, कानाडोळा केला असं कोणी म्हणू शकणार नाही. तरुण डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, आजी, सगळं अगदी जागेवर आहे. आई म्हणाली, "जागेवर आहे हो, पण हलतंय. बिजागरी उघडमीट केल्यासारखं." डॉक्टर तिच्याकडे, म्हणजे मुलीकडे, बघून हसला, आणि ती पण हसली. ते हसू. दोन शिकलेल्या माणसांनी म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरून एकमेकांना दिलेलं. फोटोत दिसत नव्हतं ना. तिचं सगळं आयुष्य ज्यावर उभं होतं ते हेच, की दिसलं पाहिजे, मोजता आलं पाहिजे, नाहीतर ते नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, पुन्हा सगळं जागेवर. त्यानंतर आई जेव्हा जेव्हा म्हणाली की दुखतंय, तेव्हा तेव्हा तिने तेच उत्तर दिलं : "आई, दोनदा फोटो काढलाय. तुझ्या मनात बसलंय ते." आई पुन्हा कामाला लागायची. एकदा मात्र म्हणाली, "मनात बसलं असतं तर मन दुखलं असतं गं. हे मांडीत दुखतंय." त्यावर ती काय बोलली होती? काहीतरी बोलली होती. टीव्हीचा आवाज वाढवला होता बहुतेक.

धाकटा भाऊ दूर होता, रविवारी फोन करायचा. तो म्हणाला, "ताई, ती उगाच बोलणारी बाई नाहीये. दुसऱ्या डॉक्टरला दाखव ना." तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तू ये आणि दाखव. फोनवरून काळजी करायला काय जातंय?" तो आला नाही. त्यालाही त्याचं होतंच. पण त्याच्यावर चिडल्यामुळे ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली नाही, हे तिला आता, खुर्चीत बसून, इतकं स्वच्छ दिसलं की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच नळ सोडून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पहिले चार झाले होते आणि पाचव्याची पाळी आली. सरांना सांगावं, दुसऱ्या कोणाला कापायला द्यावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण दुसरा म्हणजे वर्षापूर्वी आलेला तो मुलगा, जो गाणी ऐकत तार सोडतो आणि पाणी गढूळ झालं तरी गाळणी बदलत नाही. तिने पिशवी फोडली. दोन तुकडे निघाले. वरचा आखूड, गोळ्याचा. खालचा लांब, निमुळता दांडा, मांडीच्या हाडात आतवर जाणारा. दोन्ही थंड, दोन्ही राखाडी, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड. सात वर्षं हे तिच्याबरोबर उठलं, बसलं, न्हायलं. आईच्या अंगाची ऊब याला सात वर्षं होती. तिने वरचा तुकडा मुठीत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. तो हाताएवढा गरम झाला. मग तिने दोन्ही तुकडे टेबलावर जसे होते तसे जोडून मांडले, मोजपट्टी घेतली आणि खाली ठेवली. तिने डावा हात पुढे केला, चार बोटं जुळवली, आणि मांडीच्या हाडाचं टोक जिथे येत असेल त्या वरच्या कडेपासून खाली आडवी ठेवली. करंगळीची कड मोडलेल्या रेषेवर आली. बरोबर रेषेवर. आत नाही, बाहेर नाही.

दोनदा काढलेल्या फोटोत जे दिसलं नाही ते आईने बोटांनी मोजून सांगितलं होतं.

ती स्टुलावर बसली. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग ती उठली, मोडलेल्या तोंडावर तिने नेहमीप्रमाणे लाखेचा पातळ हात फिरवला, म्हणजे पाण्याने ते खराब होऊ नये, गाळणी बदलली, पाणी नवं भरलं, आणि तुकडा चिमट्यात बसवला. सूक्ष्मदर्शकाच्या कोनाड्यात मावावा म्हणून तोंडाखाली पाच मिलिमीटर सोडून आडवा छेद द्यायचा होता. कळ दाबण्याआधी तिने एकदा आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. "आई, जरा थांब हं," असं ती म्हणाली. इंजेक्शनच्या आधी म्हणायची तसं.

पाणी निळसर चमकायला लागलं. तडतड सुरू झाली, बारीक, एकसुरी, तव्यावर पाण्याचे थेंब पडत राहावेत तशी. पाऊण तास लागणार होता. एरवी या पाऊण तासात ती वह्या भरायची. आज ती तारेकडे बघत बसली आणि तिला तो सोमवार दिसला. ती आंघोळ करत होती. बाहेर आईचं इस्त्रीचं टेबल. आधी एक आवाज आला, कोरडा, फांदी मोडल्यासारखा. मग धप्प. ती ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा आई जमिनीवर होती, हातात अजून शर्टाची बाही. ती पहिलं वाक्य काय बोलली? लागलं का, असं नाही. "काठी घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं!" आई म्हणाली, "पडले नाही गं. आधी मोडलं. मोडलं म्हणून पडले." गाडीत स्ट्रेचरवर तेच. "आधी मोडलं." आणि रुग्णालयात डॉक्टरने विचारलं, कसं झालं, तेव्हा आईने तोंड उघडायच्या आत तिने सांगून टाकलं, "पडली. घरात. काठी न घेता उभी होती." डॉक्टरने लिहिलं. "आधी काही त्रास?" "तसं विशेष नाही. वयाप्रमाणे." तेही लिहिलं. आई स्ट्रेचरवरून म्हणाली, "असं नाही हो," आणि तेवढ्यात तिला पुढे ढकललं.

आवाज आधी आला होता. दोन आवाज होते. ही गोष्ट तिला तेव्हाही माहीत होती. न्हाणीघरात साबण हातात असताना तिने दोन आवाज ऐकले होते, क्रमाने, आणि तरी तिने एकच सांगितला. कारण आधी मोडलं हे खरं धरलं तर दीड वर्षाचं दुखणंही खरं धरावं लागलं असतं.

सांधा मंगळवारी काढला, दुसरा घातला, आणि जखम चिघळली. अकरा दिवस. पहिले काही दिवस आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की मी पडले नाही. नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, केर काढणाऱ्याला. ती प्रत्येक वेळी हलक्या आवाजात दुरुस्त करायची, तिला आठवत नाहीये नीट. नवव्या दिवशी आईला ताप होता. ती आईच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. आईने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि भांडण मिटवताना म्हणतात तशा समजुतीच्या स्वरात म्हणाली, "बरं बाई. पडले असेन." ती म्हणाली, "झोप आता." दोन दिवसांनी आई गेली. लोक म्हणाले, सुटली. तीही म्हणाली.

तार पार झाली. कापलेली चकती खालच्या जाळीवर टेकली तेव्हा आवाजही झाला नाही.

सरांनी दुपारी तिला वर बोलावलं. सर साठीचे, बारीक आवाजाचे, एखादा नमुना आवडला की जेवण विसरणारे. पडद्यावर मोडलेलं तोंड मोठं करून लावलेलं होतं. "बाई, हे बघा. काय सुरेख कापलंय तुम्ही, कडेला ओरखडा नाही." तिने पाहिलं. बाहेरच्या कडेला एक ठिपका, आणि तिथून आत पसरत गेलेल्या कमानी, एकीबाहेर एक, शेकडो. "इथून सुरू झालं," सर पेन्सिल फिरवत म्हणाले. "वर सांधा सैल झालेला, खाली घट्ट. म्हणजे प्रत्येक पावलाला दांडा वाकायचा. प्रत्येक पावलाला चीर किंचित पुढे. दोन तृतीयांश असंच गेलंय, सावकाश. उरलेलं तेवढं शेवटी एकदम. दिवस नक्की सांगता येत नाहीत, पण वर्षभराच्या वरचं काम आहे हे."

"दुखत असेल?" तिने विचारलं.

"सैल झालेला होता म्हणजे दुखणारच. चांगलंच. पाऊल टाकलं की." सरांनी फाईल उघडली आणि तोंड वाकडं केलं. "पण बघा ना काय लिहिलंय. घरात पडून मोडला. आधीचा त्रास, विशेष नाही. आता माझी पंचाईत. पडून मोडलेले धरायचे नाहीत असं ठरलंय. हा वगळावा लागणार."

"वगळला तर काय होईल?"

"सहात या बनावटीचे चार. न पडता मोडलेले चार असते, तर मी लिहिलं असतं की हे बसवणं थांबवा, आणि ज्यांना बसवलेत त्यांना बोलावून तपासा. तीनवर कोण ऐकतंय? म्हणतील योगायोग." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "किती माणसं हे आत घेऊन हिंडत असतील. आणि घरी सांगत असतील की दुखतंय."

पडद्यावरच्या कमानी तिला आता कमानी दिसत नव्हत्या. ही बाजारातली. ही जिन्यावरची. ही त्या दिवशीची, टीव्हीचा आवाज वाढवला त्या दिवशीची. आई उठून आत गेली होती, खाटेपर्यंत सात पावलं, म्हणजे सात कमानी.

"सर, फाईल चूक आहे," ती म्हणाली.

"चूक म्हणजे?"

"त्या पडल्या नव्हत्या. आधी मोडलं, मग पडल्या. दीड वर्ष दुखत होतं. चार बोटं खाली, बाहेरच्या अंगाला. त्या सांगत होत्या."

सर हसायला लागले होते ते थांबले. "बाई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"डॉक्टरांना पडली म्हणून मीच सांगितलं होतं." तिने पडद्याकडे बोट केलं. "माझी आई आहे ती."

आहे, असं ती म्हणाली. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि घाईने पडदा बंद करायला हात पुढे केला. ती म्हणाली, "असू दे, सर." ते खाली बसले. म्हणाले, "तुम्ही हा कापायला नको होता. मला एका शब्दाने सांगायचं." तिला वाटलं, एका शब्दाने. मग ती म्हणाली, "दुसऱ्या कोणी कापलेला मला चालला नसता." सरांनी मान हलवली. त्यांची स्वतःची म्हातारी आई होती घरी, हे तिला ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी त्यांनी कपाटातून एक छापील कागद काढला. आधीच्या नोंदीत दुरुस्ती करायची असेल तर तो भरावा लागे. "रुग्णालयाला हे पाठवू. ते विचारतील, आधी वेगळं का सांगितलं. तयारी आहे?" ती हो म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. अक्षर वहीतल्यासारखं, सरळ. काय झालं या रकान्यात तिने दोन आवाज लिहिले, क्रमाने. आधीचा त्रास या रकान्यात जागा कमी होती, म्हणून ती समासात गेली आणि मग कागद उलटून मागे गेली. थंडी, भांडी, बिजागरी, सगळं लिहिलं. दोनदा फोटो काढला हेही लिहिलं, आणि त्यापुढे : रुग्णाचं म्हणणं घरच्यांनी खरं मानलं नाही. घरच्यांनी हा शब्द तिने खोडला आणि वर लिहिलं, मुलीने.

सगळ्यात खाली एक ओळ होती, माहिती देणाऱ्याचं नाव. तिथे तिने आईचं पूर्ण नाव लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी चष्म्यावरून वाचलं. "बाई, इथे तुमचं नाव लागतं."

"माहिती त्यांची आहे, सर," ती म्हणाली. "मी नुसती पोचवतेय. तीसुद्धा उशिरा."